सर्वाधिक विलंब

कुसुमताई ढोले खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. चाचणीच्या खोलीत शिरताच त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि तशाच सरकत कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"इथंच बरं हाय," त्या म्हणाल्या. "भिंत असली का मांगं कोनाले उभं राहाले जागा नाही रायत."

बरोबर आलेला त्यांचा मुलगा ओशाळून शाल्मलीकडे पाहत होता. "मॅडम, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू आहेत. काही फरक नाही. पाय मात्र चांगले चालतात हो."

पाय चालतात हेच मुळात नवल होतं. कुसुमताई अमरावतीजवळच्या एका गावातल्या. गच्चीवरून पडून त्यांचा मणका तुटला आणि कमरेखालचं अंग गेलं. मग त्यांच्या पाठीत मेरुसेतू बसला. तुटलेल्या जागेच्या वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि दोन्हींच्या मधे काडेपेटीएवढा संगणक. मेंदूने "चाल" म्हटलं की ते वरच्या पट्टीने ऐकायचं, संगणकाने समजून घ्यायचं आणि खालच्या पट्टीने स्नायूंना सांगायचं. आणि तळव्याला जमीन लागली की ती खबर उलट्या वाटेने मेंदूकडे पोचवायची. देशात साडेतीन हजार माणसं त्याच्या जोरावर चालत होती. तो शिरवळच्या ज्या कंपनीत तयार होई, तिथे शाल्मली भोईटे मोजणीचं काम करायची.

"कोण उभं राहतं, कुसुमताई?" तिने विचारलं.

"मानूस हाय. बोलत नाही, हात नाही लावत. मी चालली का चालते, थांबली का थांबते. वळून पाहिलं का कोनीच नाही." त्यांचा आवाज उतरला. "मी येडी नाही, बाई. मले भेव वाटते."

शाल्मलीला त्यांचं म्हणणं खरं वाटलं. का, ते तिला लगेच सांगता आलं नसतं.

मेरुसेतूसारखी रिअल-टाइम यंत्रणा म्हणजे वेगवान यंत्रणा असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. अशा यंत्रणेकडून अपेक्षा असते ती वक्तशीरपणाची. संगणकात एकाच वेळी अनेक कामं ताटकळत असतात आणि प्रोसेसर एका वेळी एकालाच मिळतो. कोणाला कधी द्यायचा हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. एखाद्या कामाची वेळ झाली, घंटा वाजली, पण प्रत्यक्ष ते सुरू झालं थोड्या वेळाने. घंटा आणि सुरुवात यांच्यातला हा विलंब शाल्मली मोजायची. पद्धत साधी होती. एक छोटा प्रोग्राम गजर लावून झोपी जायचा, जागा झाला की घड्याळ पाहायचा आणि किती उशीर झाला ते नोंदवून पुन्हा झोपायचा. असं कोट्यवधी वेळा.

ह्या मोजणीत सरासरीला काडीची किंमत नसते. बंब एरवी कितीही झटपट पोचत असो, ज्या दिवशी अग्निशमन केंद्राच्या दारात पावाचा टेम्पो उभा राहिला आणि अर्धा माल उतरल्याशिवाय हलेना, त्या दिवशी ज्याचं घर जळालं त्याला सरासरी सांगून उपयोग नाही. शाल्मली म्हणून तक्त्याच्या उजव्या टोकाकडे बघायची, जिथे सगळ्यात मोठे उशीर पडत. सर्वाधिक विलंब किती, एवढंच.

कुसुमताईंना मार्गिकेत चालवलं, जिना चढवला. विलंब नगण्य. तिचे वरिष्ठ फिरोज तांबोळी आकडे पाहून म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. बाईंना परत पाठव."

निघताना शाल्मलीने सहज विचारलं, "घरात सगळीकडे होतं का हे?"

"टीव्हीपाशी नाही होत," कुसुमताई म्हणाल्या. "गोठ्यात होते. मांगच्या अंगनात होते."

"मागे रेंजच नसते," मुलगा उगाच बोलायचं म्हणून बोलला. "फोन आला की मला पुढे पळावं लागतं."

शाल्मलीचा हात दाराच्या मुठीवरच थांबला. "अजून अर्धा तास बसाल का?" ती म्हणाली.

कंपनीत तांब्याच्या जाळीने मढवलेली एक खोली होती. तिच्यात कुठलीही लहर शिरत नसे. शाल्मलीने कुसुमताईंना तिथल्या चालपट्ट्यावर उभं केलं, आधाराचा पट्टा बांधला आणि दार लावून घेतलं. पहिली काही पावलं नीट पडली. मग कुसुमताईंनी दांडा घट्ट धरला.

"आला," त्या कुजबुजल्या. "आला पहा."

त्याच क्षणी पडद्यावर, सगळ्या गर्दीपासून दूर उजवीकडे, एक एकटी रेघ उमटली. जवळजवळ अर्धा सेकंद!

चार महिन्यांपूर्वीच्या अपडेटमध्ये मेरुसेतूला एक नवं काम जोडलं होतं. चालीचा अहवाल अधूनमधून कंपनीला पाठवणं. अगदी खालच्या मानाचं, सवडीचं काम. पण पाठवताना ते स्मृतीतल्या एका सामाईक जागेची किल्ली स्वतःकडे ठेवायचं, आणि तळव्याचा स्पर्श वर नेणाऱ्या कामाला तीच किल्ली लागायची. रेंज असली की किल्ली लगेच सुटायची. रेंज नसली की अहवाल पुन्हा पुन्हा धडका मारत बसायचा आणि स्पर्श दाराशी खोळंबायचा. पाय हलवणाऱ्या कामाची वाट वेगळी, त्यामुळे चाल बिघडायची नाही. फक्त पाऊल टेकल्याची जाणीव उशिरा पोचायची.

आणि उशिरा आलेला स्वतःचा स्पर्श मेंदू स्वतःचा मानत नाही. हे प्रयोगशाळांतून पूर्वीच दिसलं होतं. माणसाने पुढे बोट हलवायचं आणि तशाच हालचालीने यंत्राने त्याच्या पाठीला स्पर्श करायचा. दोन्ही एका वेळी झालं तर आपणच आपल्याला शिवल्यासारखं वाटतं. मधे जरा उशीर घातला की धडधाकट माणसंही सांगतात, मागे कोणीतरी उभं आहे. मेंदूचा हिशेब सरळ असतो. मी तर पाऊल टाकून मोकळा झालो, मग हे आत्ता पडलं ते कोणाचं?

"सापडलं म्हणायचं तुझं भूत," तांबोळी म्हणाले.

दोष यंत्रात सापडलाय, तुम्ही वेड्या नाही, असं सांगून शाल्मलीने कुसुमताईंना मुलाबरोबर गावी पाठवलं. दुरुस्ती फार मोठी नव्हती. रेंज मिळाली नाही की अहवालाने किल्ली लगेच सोडून द्यायची आणि धडका बाजूला उभं राहून मारायच्या. शाल्मलीने दुपारभरात ती लिहून काढली. आज लवकर घरी जाऊन सुयोगला सांगू, असं ठरवून ती साताऱ्याकडे निघाली. तिच्या नवऱ्याच्या, सुयोगच्या पाठीतही मेरुसेतूच होता.

तीन वर्षांपूर्वी कासहून उतरताना यवतेश्वर घाटातल्या एका वळणावर सुयोगची मोटरसायकल घसरली होती. मागे रेवा बसली होती, त्यांची सात वर्षांची मुलगी. रेवा गेली. सुयोगचे पाय गेले. शाल्मलीने कंपनीत खटपट करून पहिल्या तुकडीतच त्याला मेरुसेतू बसवून घेतला. तो उभा राहिला, चालू लागला, पण चाकरी केल्यासारखा. त्याची रोपवाटिका वाळून गेली. घरात दोन माणसं होती आणि भांड्यांचा आवाज होता.

मग या उन्हाळ्यापासून काय झालं कोण जाणे, तो बदलला. जेवताना मागून घेऊ लागला. रोपवाटिकेत पुन्हा पिशव्या भरल्या, जास्वंदीची कलमं लावली. रोज संध्याकाळी घाटाकडे फिरायला जायचा आणि येताना चेहरा निवळलेला असायचा. शाल्मली मनातल्या मनात कोणाकोणाचे आभार मानत असे.

त्या दिवशी तो घरी नव्हता. ती गाडी घेऊन घाट चढली.

तो त्याच वळणावर होता. शाल्मलीने गाडी अलीकडेच थांबवली. उन्हं तिरपी झाली होती. सुयोग कठड्याच्या कडेने चालत होता, फार सावकाश, मोठ्या माणसाने बारक्या पावलांना सांभाळून घ्यावं तसा. डावा हात किंचित मागे सोडलेला, बोटं अर्धवट मिटलेली. समोरून एक जीप आली तेव्हा तो थांबला आणि मागच्या कोणाला तरी आत घ्यावं तसा अंगाने आड झाला. जीप गेल्यावर त्याने मान न वळवता काहीतरी म्हटलं आणि हसला.

हाक मारायच्या ऐवजी तिने फोन काढला. फोनला रेंज नव्हती.

ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. दुपारी जाळीच्या खोलीत जो आनंद झाला होता, त्याची तिला शिसारी आली.

सुयोगला गाडी दिसली. तो घाबरला नाही, उलट सुटल्यासारखा जवळ आला. "तुला सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण तू म्हणशील, याचं डोकं फिरलंय."

"काय सांगणार होतास?"

"रेवा येते इथे." त्याने ते साधेपणाने सांगितलं. "दिसत नाही. मी वळून बघत नाही, बघितलं की जाते. पण मागे असते. तिची पावलं कळतात गं मला. इथेच येते फक्त. इथेच येणार ना ती."

शाल्मलीच्या ओठावर एक पूर्ण वाक्य तयार होतं. ती फक्त म्हणाली, "मी येऊ का बरोबर?"

ते दोघे चालू लागले. रस्ता अरुंद होता, म्हणून ती एक पाऊल मागे राहिली. तिने कान दिला, श्वास रोखला, आणि तिच्या वाट्याला फक्त वारा आला.

"शाल्मली," सुयोग पुढूनच हळू आवाजात म्हणाला, "तिच्या जागेवर चालू नकोस."

ती बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी तांबोळींनी विचारलं, "दुरुस्ती कधी सोडायची?"

"अजून मोजायला हवं," ती म्हणाली. "वेगवेगळ्या भारांखाली. घाईने एक बिघाड काढताना दुसरा घुसायला नको."

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते म्हणणं फार सोपं गेलं. नियमही तेच सांगत होता. तांबोळींनी मान डोलावली. आठवडा गेला. ती रोज प्रोग्राम लावून ठेवायची, कोट्यवधी झोपा आणि कोट्यवधी जागा होणं, आणि रोज संध्याकाळी निकाल स्वच्छ यायचा. रोज ती "अजून एक दिवस" म्हणायची. घरी सुयोग गुणगुणत झाडांना पाणी घालायचा. एकदा त्याने पोळी वाढून घेताना विचारलं, "रेवाला तुझी आठवण येत असेल का गं?" ती ताटावरून उठून गेली, तर तो मागोमाग आला आणि किती तरी दिवसांनी त्याने तिला जवळ घेतलं.

पुढच्या सोमवारी कुसुमताईंच्या मुलाचा फोन आला.

"आई गेली, मॅडम." तो रडत नव्हता. "मागच्या अंगणातल्या पायऱ्या उतरत होती. 'मांगं येऊ नको, मांगं येऊ नको' असं ओरडली आणि वळली. मी पळत गेलो हो." मग तो म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता, सापडलंय म्हणून. तुम्ही सांगितल्यावर गोळ्यासुद्धा बंद केल्या होत्या आम्ही. आई शेजारणीला सांगत होती, त्या बाईनं मले येडी नाही म्हटलं."

शाल्मलीने फोन ठेवला, तांबोळींच्या खोलीत गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. दुरुस्ती आठवड्यापूर्वीच तयार होती. चाचण्याही पहिल्या दोन दिवसांत पुऱ्या झाल्या होत्या. का थांबवली, तेही.

"हे मला सांगितलंस," तांबोळी म्हणाले. "आता आणखी कोणाला सांगू नकोस. आज दुरुस्ती सोड."

तिला वाटलं होतं, ते ओरडतील. काढून टाकतील. तसं झालं असतं तर तिला निदान कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती.

तिने दुरुस्ती सोडली. दिवस मावळेपर्यंत ती तीन हजारांवर पाठींमध्ये पोचली. एक पाठ तिने वगळली आणि घरी गेली.

सुयोग कलमांना काठ्या बांधत होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि काहीही न लपवता बोलली. अहवाल, किल्ली, अर्धा सेकंद, कुसुमताई. तो ऐकत राहिला. सुतळीचं टोक त्याच्या बोटांत तसंच राहिलं.

"म्हणजे ती माझीच पावलं?" त्याने विचारलं.

"हो."

"माझीच. मला उशिरा कळणारी."

"हो, सुयोग."

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्या दिवशी घाटात आले तेव्हापासून."

तो हसला. ते हसू तिला कधीच विसरता येणार नव्हतं. "मग त्या दिवशी बाजूला का झालीस? तिच्या जागेवर चालू नकोस म्हटलं, तेव्हा?"

तिने त्याच्या बोटांतलं सुतळीचं टोक सोडवून घेतलं.

"माझ्यात नको टाकू ती दुरुस्ती," तो म्हणाला. "मी कोणाला सांगणार नाही. मला काय कळतंय ते मला कळू दे."

"त्या कठड्यापलीकडे दरी आहे. त्या बाई वळल्या आणि..."

"मी वळत नाही!" तो पहिल्यांदाच ओरडला. "चार महिने झाले, मी एकदाही वळलो नाही. तुला वाटतं, मला वळावंसं वाटलं नसेल?"

त्याच्या पाठीतली दुरुस्ती तिने दुसऱ्या दिवशी सकाळी केली. त्याला सांगून केली, त्याच्या संमतीने नाही. त्या संध्याकाळी तो घाटात गेला आणि अंधार पडायच्या आत परत आला. तिने विचारलं नाही. त्यानंतर तो गेला नाही. मेरुसेतूची बॅटरी रोज रात्री पट्टा लावून भरावी लागे. त्याने पट्टा लावणं सोडून दिलं. एका सकाळी पाय उठले नाहीत, तेव्हा त्याने पलंगाखालून जुनी चाकांची खुर्ची काढून मागितली. जणू चष्मा मागावा, तितक्या सहज.

"चालता येतंय तुला," शाल्मली म्हणाली.

"कुठे जायला?"

जास्वंदी सुकल्या. महिनाभर तो तिच्याशी कामापुरतं बोलला. मग एका रविवारी दुपारी त्याने स्वतःहून तिला हाक मारली.

"तो उशीर," तो म्हणाला, "मुद्दाम घालता येतो का?"

येत होता. जोडणी असली की तिच्या लॅपटॉपवरून दोन ओळींचं काम होतं. हे करणं गुन्हा होता, शिवाय आपण नक्की काय बनवायला निघालोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण त्या खुर्चीनंतर महिनाभरात त्याने काही मागितलं नव्हतं.

"अंगणात," ती म्हणाली. "घाटात नाही. आणि मी लॅपटॉप घेऊन जवळ असेन."

"चालेल."

तिने त्याचा पट्टा लावला. बॅटरी भरल्यावर त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मग वाळलेल्या रोपांच्या रांगांमधल्या वाटेवर तो उभा राहिला, आणि तिने तुळशीजवळ बसून तो अर्धा सेकंद परत घातला. जाळीच्या खोलीत मोजला होता तेवढाच, तितकाच अनियमित.

सुयोगने पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. डावा हात किंचित मागे सोडला.

रांगेच्या मध्यावर तो थांबला. शाल्मलीला त्याची फक्त पाठ दिसत होती.

"आहे?" तिने विचारलं.

"आहे कोणीतरी."

"रेवा?"

तो आणखी दोन पावलं गेला, फार लक्ष देऊन, ओळखीचा आवाज गर्दीत शोधावा तसा. पुन्हा थांबला. त्याने डावा हात पुढे घेतला आणि उजव्या हातात धरला.

"रेवा नाही," तो म्हणाला. "कोणीतरी माझं पाऊल पडायची वाट बघतंय. मोजतंय मला." आणि थोड्या वेळाने, अगदी शांतपणे, "तूच आहेस ती."

"मी इथे आहे, सुयोग. तुळशीजवळ."

"माहीत आहे. पण मागे पण तूच आहेस. आता तूच असणार." त्याचे खांदे खाली आले. "आधी मला माहीत नव्हतं ना. त्या न माहीत असण्यातच ती होती. तेवढं परत घालता येत नाही का गं?"

तिने लॅपटॉपवरचे हात मागे घेतले.

"मग बंद कर. उशीर नको काढूस. सगळंच बंद कर."

"पडशील."

"बसतो. मग कर."

तो रोपांचा आधार घेत खाली बसला. वाळलेल्या फांद्या कडकड मोडल्या. तिने बंद केलं. त्याच्या मांड्या थोडा वेळ थरथरल्या आणि निमाल्या. शाल्मली त्याच्याजवळ जाऊन मातीत बसली. तिच्या हाताला त्याने नकार दिला नाही, पण धरलाही नाही.

ऊन उतरलं तेव्हा शेजारचे शिर्के कुंपणावरून डोकावले आणि लगबगीने आत आले. त्यांनी सुयोगला काखेत हात घालून उचललं, शाल्मलीने पाय धरले.

"अरेरे, कसे काय पडले?" शिर्क्यांनी विचारलं.

"पडला नाही," शाल्मली म्हणाली. "बसला."